सुपर लीग २०२४ चा हंगाम, पूर्ण सामन्यांत: कबड्डी-कुस्ती कळणाऱ्यांसाठी परीक्षण

उत्तर इंग्लंडच्या रग्बी लीगमधला २०२४ चा सुपर लीग हंगाम पूर्ण लांबीच्या रेकॉर्डिंगवर कसा वाटतो, हा इथला विषय. निकाल आधीच सांगून टाकतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या यात्रांत रात्र सरेपर्यंत चाललेली कबड्डी जो शेवटच्या चढाईपर्यंत बसून बघतो, किंवा ज्याच्या अंगाला कधीतरी तालमीची लाल माती लागली आहे, त्यानं हा हंगाम जरूर बघावा. ज्याला फक्त लांब पळ आणि ट्राय (समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) बघायच्या आहेत, त्याला लीगच्या यूट्यूब चॅनेलवरचे फुकट हायलाइट्स पुरतील. त्यानं पैसे घालू नयेत.

आधी एक घोळ मिटवू. आपल्या शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत आता जी सात जणांची रग्बी खेळतात ती रग्बी युनियनची. सुपर लीगचा खेळ रग्बी लीगचा. मैदानात तेरा खेळाडू, २०२४ मध्ये बाकावर चार राखीव, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. ट्रायला ४ गुण, ट्रायनंतरच्या किकला २, पेनल्टी किकला २ आणि चालू खेळात चेंडू टप्पा देऊन खांबांमधून मारला, म्हणजे ड्रॉप गोल केला, तर १. युनियनमध्ये पडलेल्या खेळाडूवर ढीग होतो आणि चेंडूसाठी ओढाओढ चालते. लीगमध्ये तसं नाही. चेंडूवाला पकडला गेला की पंच 'हेल्ड' म्हणतो, पकडणारे सुटतात, तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायानं मागं सारतो आणि खेळ पुढं चालू होतो. अशा सहा पकडी. सहाव्या पकडीला चेंडू समोरच्या संघाचा.

कबड्डी बघणाऱ्याला हे सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय', हे आपल्याला पाठ आहे. लीगमध्ये तोच ताण पाचव्या पकडीनंतर येतो. तिथं किक मारायची, चेंडू बाजूला फिरवायचा की सरळ धडक द्यायची, हे एका श्वासात ठरवावं लागतं. फरक इतकाच की लीगमध्ये पकडीला गुण नाही. पकडणाऱ्याला मिळतो तो वेळ, आणि सहा वेळा नीट पकडलं तर चेंडू.

घेण्याआधी

लीगची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा 'सुपरलीग प्लस' ही २०२४ च्या हंगामापासूनच सुरू झाली. प्रत्येक सामना कॅमेऱ्यावर आणि प्रत्येक सामन्याला व्हिडिओ पंच, असा हा पहिला हंगाम. म्हणून मागं जाऊन एकच हंगाम बघायचा असेल तर २०२४ सोयीचा पडतो. पैसे भरण्याआधी यादीत त्या हंगामाचे पूर्ण सामने आहेत ना, एवढं मात्र डोळ्यांनी बघून घ्या. नुसतं 'रिप्ले' लिहिलेलं असेल तर एखादा सामना उघडून त्याची लांबी तपासा. दीड तासाच्या आतली फीत म्हणजे कापलेली फीत. पूर्ण सामना मध्यंतर धरून पावणेदोन तासांच्या आसपास जातो.

पैसे भरताना नेहमी एकच गोष्ट अडते. बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करायचा, मर्यादा हवी तेवढीच ठेवायची आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करायचा. वर्गणी आपोआप पुढं चालू राहणारी असेल तर घेतल्या दिवशीच ते नूतनीकरण रद्द करून ठेवा. महिनाभराची मुदत तशीही वापरायला मिळते आणि पुढच्या महिन्यात परदेशी चलनाच्या आकारासह रक्कम कापली जात नाही.

चॅलेंज कप आणि वर्ल्ड क्लब चॅलेंज या लीगपासून वेगळ्या स्पर्धा आहेत. त्यांचे सामने लीगच्या संचात असतीलच असं धरू नका, वेगळे शोधा. चॅलेंज कपची अंतिम लढत आणि वर्ल्ड क्लब चॅलेंजचा सामना या दोघांशिवाय २०२४ ची गोष्ट अर्धी राहते.

डेटा आणि लाइट

७२०पी ला तासाला साधारण सव्वा ते दीड जीबी जातो, म्हणजे एका सामन्याला दोन ते अडीच जीबी. रोज दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवर हे बसत नाही. ४८०पी ला एका सामन्यात एक-सव्वा जीबीत भागतं, पण त्या दर्जात चेंडू मागं सारणारा पाय दिसत नाही, आणि या खेळात तो पाय दिसलाच पाहिजे. मोबाइल डेटावरच बघायचं असेल तर रात्री अकराच्या सुमारास सुरू करा. पहिला डाव आजच्या कोट्यात जातो, बारा वाजले की नवा कोटा सुरू होतो आणि दुसरा डाव त्यात बसतो. मध्यंतराच्या वेळी ॲप बंद करून उघडलं नाही तर काही फोन कमी वेगावरच अडकून राहतात, म्हणून ते करा.

घरी फायबर असेल तर पावसाळ्याचा विचार आधी करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. टीव्ही इन्व्हर्टरवर असतो, पण राउटर आणि फायबरचा डबा दुसऱ्याच प्लगवर राहिलेला असतो, आणि मग ऐन किकच्या वेळी गोल फिरणारं चक्र बघत बसायची पाळी येते. दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. दोन्ही मिळून फार वीज खात नाहीत.

पडदा ३२ इंचाच्या खाली नको. मोबाइलवर चेंडूवाला तेवढा दिसतो, त्याच्या दोन्ही अंगांना उभी असलेली बचावाची रांग दिसत नाही. लॅपटॉपवरून एचडीएमआय वायर टीव्हीला लावणं सगळ्यात भरवशाचं. मंडळाच्या खोलीत किंवा तालमीत चार पोरांनी मिळून बघायला हरकत नाही, पण वैयक्तिक वर्गणीवर तिकीट लावून किंवा चौकात पडदा टाकून दाखवू नका. ती परवानगी त्या वर्गणीत नसते.

थेट सामने बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित: तिकडचे रात्री आठचे सामने उन्हाळी वेळेत आपल्याकडे साडेबाराला सुरू होतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत दीड वाजता. शनिवारी दुपारी तीनचा सामना मात्र आपल्या संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी.

काय बघायचं: पकडीनंतरचे तीन सेकंद

नवीन माणूस चेंडू बघतो. पहिले दोन सामने चेंडू जाऊ दे, पडलेला माणूस बघा.

विगन या संघाचा एखादा धिप्पाड फॉरवर्ड चेंडू छातीशी घेऊन सरळ रांगेत घुसतो. पहिला बचावपटू त्याच्या छाती-पोटाला मिठी घालतो आणि चेंडू त्या मिठीत कोंडतो, म्हणजे पडता पडता बाजूच्या साथीदाराला देता येऊ नये. दुसरा खालून पाय गोळा करतो. तालमीत ज्याला आपण दुहेरी पट म्हणतो, त्याचीच ही मैदानावरची भावकी. आता तिसरा येतो, आणि सगळी कला या तिसऱ्याची. पडणाऱ्याचा खांदा धरून तो त्याला वळवतो आणि उताणा पाडायला बघतो. पालथा पडलेला माणूस हात टेकून गुडघ्यावर येतो आणि उठतो. उताण्याला आधी कुशीवर वळावं लागतं, मग गुडघा, मग उठणं. कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती गेली. इथं पाठ टेकली तर एक-दीड सेकंद गेला, आणि त्या एक-दीड सेकंदासाठी हे लोक आठवडाभर घाम गाळतात.

एवढ्याशा वेळाला किंमत का, हे समजायला बचावाचा नियम बघायला पाहिजे. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागं जावं लागतं. पडलेल्याच्या समोर फार तर दोघांना थांबता येतं, त्यांना मार्कर म्हणतात. पडलेला झटक्यात उठून तीनेक सेकंदांत चेंडू मागं सारतो तेव्हा बचावाची रांग अजून पाठमोरी किंवा उलट्या पावलांनी मागं जात असते. मागं वाकून उभा असलेला हूकर तेवढ्यात चेंडू उचलून स्वतःच पळतो आणि सात-आठ मीटर फुकट मिळवतो. मग पुढची पकड अजून घाईची, रांग अजून विस्कटलेली. अशा दोन-तीन जलद पकडी लागोपाठ झाल्या की भोक पडतं. ट्राय दिसते ती त्या भोकातून, पण ती तयार झालेली असते चाळीस मीटर मागं, कुणीतरी पालथा पडल्यामुळं.

उलट बाजूनं, पकडणाऱ्यांनी लोचटासारखं अंगावर पडून राहिलं तर पंच 'सिक्स अगेन' ओरडतो. पकडींची मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि दमलेल्या बचावाला आणखी सहा पकडी कराव्या लागतात. म्हणून सुटण्यालाही क्रम असतो. पाय धरणारा आधी उठतो, मग दुसरा, आणि छातीवरचा शेवटी, पंचाचा आवाज ऐकून. मनात एक-दोन-तीन मोजत बसा. 'तीन'च्या आत चेंडू मागं गेला की हल्ला करणाऱ्याची सरशी, 'चार' उलटलं की बचावाची. दोन सामने असे मोजून बघितले की समालोचकाच्या आधी तुम्हाला कळेल की आता काहीतरी होणार.

दुसरी बघायची जागा म्हणजे रांगेचा काठ. चेंडू रुंदीला फिरतो तेव्हा काठावरच्या बचावपटूपुढं दोन वाटा असतात. पुढं झेपावून पास तोडायचा, किंवा ओळीत राहून माणूस आपल्याकडं येऊ द्यायचा. साखळी न धरता कोपरारक्षक एकटाच घोट्यावर झेपावला आणि मध्यरक्षक जागेवरच राहिला तर चढाईपटू त्या दोघांच्या मधून मध्यरेषा गाठतो, हे आपण हजारदा बघितलं आहे. इथंही तीच चूक आणि तीच शिक्षा. एकटा पुढं गेला की त्याच्या मागं दार उघडं. कबड्डीच्या प्रशिक्षकांनी पोरांना दाखवायची असेल तर हीच फीत थांबवून-थांबवून दाखवावी.

किकच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ उडतो. स्वतःच्या ४० मीटर रेषेच्या मागून मारलेला चेंडू मैदानात टप्पा घेऊन समोरच्याच्या २० मीटर रेषेच्या पलीकडं बाजूला गेला, तर चेंडू मारणाऱ्याचाच राहतो. याला फोर्टी-ट्वेंटी म्हणतात. निदान चाळीस मीटर पुढं आणि वर पुन्हा सहा पकडी. आणि चेंडू समोरच्याच्या ट्राय क्षेत्रात असताना तिथंच त्याला पकडलं तर त्याला खांबांखालून चेंडू बाहेर मारावा लागतो, म्हणजे पुन्हा तुमचा हल्ला. पाचव्या पकडीनंतरची जमिनीलगतची बारीक किक बहुतेक वेळा यासाठीच असते. ती 'वाया गेली' असं वाटतं, पण नसते.

हंगाम कसा आहे

बारा संघ, २७ फेऱ्या, मग प्लेऑफ. एकूण १६७ सामने. सगळे कुणी बघू शकत नाही आणि बघूही नयेत.

गोष्ट विगनची आहे. प्रशिक्षक मॅट पीट यांच्या संघानं २०२४ मध्ये चारही मोठे चषक घेतले. २४ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियाच्या विजेत्या पेनरिथला १६–१२ हरवून वर्ल्ड क्लब चॅलेंज, ८ जूनला वेम्बलीवर वॉरिंग्टनला १८–८ हरवून चॅलेंज कप, साखळीत अव्वल येऊन लीग लीडर्स शील्ड, आणि १२ ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डवर हल केआरला ९–२ हरवून ग्रँड फायनल. या गुणसंख्या बघा. हा गुणांच्या पावसाचा हंगाम नाही, तो पकडींचा आहे. म्हणूनच तो आपल्या माणसाला शिफारस करावासा वाटतो.

सुरुवात कुठून करावी? १५ फेब्रुवारीच्या पहिल्या सामन्यापासून नको. हल शहरातल्या दोन संघांचा तो सामना हल केआरनं २२–० जिंकला, पण हल एफसीचे दोघे लाल कार्ड घेऊन गेले. डोक्याला लागणाऱ्या पकडींवर त्या वर्षी पंचांनी एकदम कडक धोरण घेतलं होतं. पहिल्या काही आठवड्यांत कार्डांचा इतका सडा पडला की टीका झाली आणि पुढं सूचना थोड्या बदलल्या. नवीन बघणाऱ्याला त्यातून खेळ कळत नाही, फक्त कुणाला का काढलं हा प्रश्न राहतो. नियम अंगात भिनल्यावर मागं येऊन तो सामना जरूर बघा, कारण त्या शहराची चुरसच तशी आहे. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडं बेळगाव, पलीकडं शहापूर, तसं तिथं हल नदीच्या एका अंगाला एक संघ आणि दुसऱ्या अंगाला दुसरा.

पहिला सामना घ्यावा तो ४ ऑक्टोबरच्या उपांत्य फेरीचा, हल केआर विरुद्ध वॉरिंग्टन, १०–८. दोन गुणांचा फरक, दोन्ही रांगा शेवटपर्यंत उभ्या, आणि पडलेला माणूस बघायची सवय लागायला यापेक्षा चांगली शाळा नाही. हल केआरचा मिकी लुईस बघा. तो त्या वर्षीचा 'मॅन ऑफ स्टील', म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. देहानं फॉरवर्डांपुढं लहान, पण पकडीत सापडतानाच अंग वळवून निसटायची त्याची सवय चढाईपटूंनी न्याहाळावी.

दुसरा, त्याआधीच्या आठवड्यातला वॉरिंग्टन–सेंट हेलेन्स, २३–२२. ८० मिनिटांनंतर बरोबरी होती. अशा वेळी जादा वेळेत जो आधी गुण करेल तो जिंकतो, आणि वॉरिंग्टननं जॉर्ज विल्यम्सच्या ड्रॉप गोलवर तो जिंकला. हरणाऱ्याचा हंगाम तिथंच संपणार होता. ड्रॉप गोलसाठी संघ आधीच्या तीन-चार पकडी कशा खांबांच्या समोर आणून ठेवतो, आणि बचावाकडून एक माणूस किक अडवायला कसा सुसाट सुटतो, ते बघा.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात विगननं ली संघाला ३८–० धुतलं. इथं पहिला डावच पुरे. स्क्रीनवर त्या गावाचं स्पेलिंग बघून आपण भलतंच काही वाचतो, उच्चार मात्र 'ली'.

साखळीतले सामने निवडताना वर आलेले सहा संघ धरा: विगन, हल केआर, वॉरिंग्टन, सॅल्फर्ड, ली, सेंट हेलेन्स. यांचे आपसांतले सामने बहुतेक वेळा निराश करत नाहीत. बाराही संघांची चव घ्यायची तर लीड्सच्या एलंड रोडवर १७-१८ ऑगस्टला झालेला 'मॅजिक वीकेंड' घ्या. दोन दिवसांत एकाच मैदानावर सहा सामने. आपल्या यात्रेतल्या एकदिवसीय स्पर्धेसारखा हा प्रकार, एका संघाचे पाठीराखे उठतात, दुसरे येऊन बसतात.

खटकतं ते

तळाची बाजू पोकळ आहे. लंडन ब्रॉन्कोस मैदानावर जिंकून वर आले होते, पण २०२५ पासून कोण राहणार हे मैदानावरच्या निकालाइतकंच क्लबच्या आर्थिक ताकदीवर, स्टेडियमवर, प्रेक्षकसंख्येवर काढलेल्या गुणांनी ठरायचं होतं. त्या गुणतक्त्यात लंडन इतकं खाली होतं की हंगाम सुरू होण्याआधीच त्यांचं परत जाणं जवळपास ठरलेलं. ती पोरं तरीही दर आठवड्याला उतरली आणि मनापासून खेळली. खेळाच्या दृष्टीनं मात्र चढ-उताराची जी धाकधूक तळाच्या सामन्यांना जीव देते ती इथं गेली. हल एफसी अकरावे, लंडन बारावे. या दोघांचे वरच्या संघांशी झालेले सामने सोडून द्या.

दुसरी अडचण समालोचनाची. यॉर्कशर-लँकशरची बोली, वेग आणि वर खेळाची परिभाषा. पाच शब्द आधी पाठ केले की निम्मं काम होतं. 'सेट' म्हणजे एका संघाला मिळणाऱ्या लागोपाठच्या सहा पकडी. 'प्ले-द-बॉल' म्हणजे उठून चेंडू पायानं मागं सारणं. 'लास्ट' म्हणजे शेवटची पकड उरली. 'एज' म्हणजे रांगेचा काठ. 'नॉक-ऑन' म्हणजे हातातून चेंडू पुढं पडला. आवाज बंद करून बघू नका. गर्दीचा आवाज या खेळाचा भाग आहे.

तो आवाज तसा का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात यॉर्कशर आणि लँकशरमधले क्लब जमले आणि रग्बी युनियनमधून बाहेर पडले. भांडण मजुरीचं होतं. कोळशाच्या खाणीतला, कापडगिरणीतला माणूस शनिवारी खेळायला गेला की त्याची पाळी बुडायची आणि पगार कापला जायचा. क्लबांना ती बुडालेली मजुरी भरून द्यायची होती आणि दक्षिणेतल्या साहेबी मंडळींना ते नको होतं. सुरुवातीला ठरलेली भरपाई दिवसाला ६ शिलिंग. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी टाकून यात्रेतल्या स्पर्धेला जाणाऱ्या कबड्डीपटूला, किंवा वडगाव-शहापूरला माग बंद ठेवून तालमीत उतरणाऱ्याला, हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्या हंगामाचा विजेता मॅनिंगहॅम हा ब्रॅडफर्डच्या रेशीम-मखमल गिरणीच्या वस्तीतला संघ होता. पुढं १९०३ मध्ये त्यांनी रग्बी सोडून फुटबॉल धरला आणि ब्रॅडफर्ड सिटी झाले. विगन कोळशाचं गाव, सेंट हेलेन्स काचेचं. आजही स्टँडमधून येणारा आवाज त्या गावांचा आहे.

शेवटचे दोन सामने

चॅलेंज कपची अंतिम लढत बघताना घड्याळाकडं लक्ष द्या. सामना तीन वाजता नाही, तीन वाजून सात मिनिटांनी सुरू होतो, आपल्या ७ वाजून ३७ मिनिटांनी. लीड्सचा रॉब बरो सात नंबरची जर्सी घालायचा. उंची पाच फूट पाच इंच, या खेळात नावालाही न बसणारी, आणि तरी आठ ग्रँड फायनल जिंकणारा. मोटर न्यूरॉन आजारानं तो २ जूनला गेला, सामना ८ जूनला होता. ती सात मिनिटं त्याच्यासाठी. हा भाग पुढं सरकवू नका. खेळात लगेच विगनचा माइक कूपर दहा मिनिटांसाठी बाहेर जातो. बारा जणांनी ती दहा मिनिटं ट्राय न देता कशी काढली, रांगेतलं अंतर किती वाढवलं आणि कुणी कुणाची जागा भरली, हे थांबवून बघण्यासारखं आहे. सातपैकी तीनच उरल्यावर सुपर टॅकलसाठी उभा राहणारा कबड्डी संघ ज्याला माहीत आहे त्याला तो भाग सगळ्यात आवडेल. सामनावीराचा लान्स टॉड चषक विगनच्या बेव्हन फ्रेंचला मिळाला.

ग्रँड फायनल सर्वांत शेवटी ठेवा. ओल्ड ट्रॅफर्डवर ६८,१७३ प्रेक्षक, हल केआरची ही पहिलीच ग्रँड फायनल. अख्ख्या सामन्यात एक ट्राय, पहिल्या डावात फ्रेंचची. सामनावीराला त्या वर्षीपासून रॉब बरोचं नाव दिलेला पुरस्कार, आणि तो पहिल्यांदा घेणाराही फ्रेंचच. त्याचं अंग फॉरवर्डाचं नाही, त्याची खुबी थांबण्यात आहे. चेंडू घेतल्यावर तो क्षणभर पावलं आवरतो, समोरच्याला आधी वजन टाकायला लावतो आणि मग सुटतो. चढाईत हुलकावणी देऊन बचावपटूचा पुढचा पाय उचलला जाण्याची वाट बघतात, तसं. ती ट्राय हळू वेगात दोनदा बघा, दुसऱ्यांदा फ्रेंचकडं न बघता त्याच्या समोरच्या दोघांच्या पायांकडं.

बाकीचे गुण किकचे: ट्रायनंतरचे दोन, पेनल्टीचे दोन आणि एका ड्रॉप गोलचा एक, तिन्ही विगनच्या हॅरी स्मिथचे. हल केआरकडून एकच पेनल्टी. फरक सातचा. ट्राय आणि तिची किक मिळून सहाच होतात, त्यामुळं त्या एका गुणानं हल केआरला एक ट्राय पुरणार नव्हती, दोनदा गुण करणं भाग होतं. फलक ९–२ झाल्यावर त्यांचा प्रत्येक सेट बघा: पाचव्या पकडीनंतर ते किक मारतात की हातानं खेळतात, आणि विगनचा तिसरा माणूस पडणाऱ्याच्या खांद्यावर किती वेळ हात ठेवतो.